बायजाची बिनपावडरीची वांगी

बायजाची मैना गेली, त्याच्या पुढच्या वर्षी माणगावकडून फवारणीची माणसं गावात आली. अंगात खाकी, पाठीवर पंप. घरोघर त्यांनी भिंतींवर डासांच्या पावडरीचं पांढरट पाणी मारलं आणि बघता बघता गावातला थंडीताप ओसरला. बायजा मात्र कितीतरी दिवस त्या भिंतीवरून हात फिरवत राहायची. हे आधी आले असते तर, एवढंच तिच्या मनात यायचं. तिची चार वर्षांची लेक त्याच भिंतीला डोकं टेकून तापाने फणफणली होती.

तिच्या नवऱ्याने, मोरूने, वेगळंच मनात घेतलं. तो त्या तुकडीत भरती झाला. "आपली गेली. दुसऱ्याची तरी ऱ्हावी," असं आईला, ठमाबाईला, सांगून त्याने पंप पाठीवर घेतला. आज रोहा, उद्या तळा, मग म्हसळा. शेत दोघी सासू-सुनांवर पडलं. घरी यायचा तो गणपतीला आणि शिमग्याला.

मोरूला पेज लागायची ती हातसडीच्या तांबड्या तांदळाची. गावातल्या बाया माणगावच्या गिरणीत भात नेऊ लागल्या होत्या. तिथून येणारा पांढराशुभ्र तांदूळ ठमाबाईलाही भुरळ घालायचा. "आता कशाला हात मोडून घेतेस?" ती म्हणायची. पण बायजाने उखळ सोडलं नाही. मुसळाचा घाव पडत असला की मोरू कुठल्याशा परक्या ओसरीवर बसून पेज पितोय, असं तिला वाटायचं. त्या बाजूला कोणी निघालं की ती पुरचुंडीतून तांदूळ धाडायची.

एका गणपतीला मोरू माणगावच्या बाजारातून शेतीची पावडर घेऊन आला. "भिंतीवरचा डास मेला, तर वांग्यातली अळी काय चीज हाय!" म्हणत त्याने फडक्यात पावडर बांधली आणि परसातल्या रोपांवर स्वतः झटकली. तो गेल्यावर वांगी धरली ती कशी, एकावर डाग नाही. बायजा हरखली. त्याने हात लावलेली रोपं म्हणून त्यांच्याजवळ थोडी जास्तच घुटमळली. मग भाताच्या पातीला अळी दिसली, तेव्हा तिने उरलेल्यातली पावडर भातावरही मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी टोपली घेऊन बांधाशी गेली. खाचरात चढून येणारे बारके मासे तिथे हमखास मिळत. त्या दिवशी ते पोटं वर करून पाण्यावर तरंगत होते. एका खेकड्याची नांगी अजून हलत होती.

"वाळव की," मागून आलेली ठमाबाई म्हणाली. "कालवणाला व्हतील."

"नको, आत्याबाय."

तिने ते सगळे वेचून बांधापलीकडे पुरले. घरी येऊन चुलीपाशी कापायला ठेवलेली वांगी उचलली आणि तीही खड्ड्यात टाकली. पावडरीचा डबा तिने गोठ्याच्या आढ्याला उंच टांगला. त्यानंतर रोज सकाळी पानं उलटून ती अळ्या हाताने वेचू लागली, चुलीतली राख भुरभुरू लागली. तरी निम्मी वांगी किडायचीच. ठमाबाई कुरकुरायची आणि तिचं काही चुकत नव्हतं.

शिमग्याला मोरू जेवायला बसला. विळीशी किडके तुकडे पडलेले त्याने पाहिले.

"पावडर सरली काय?"

"हाय तशीच हाय. मी मारत न्हाय आता." तिने माशांचं सांगितलं. "त्ये इख हाय, आवो."

मोरूने ताट पुढे सरकवलं. "इख? ज्येच्यावाचून आपली मैना गेली त्येला इख म्हन्तीस? गावात एक तरी पोर तापानं पडलं काय गं त्यापासनं?"

"न्हाय पडलं. भिंतीला मारा, मी कुठं नको म्हन्ते? पन जे पोटात जायाचं, त्येच्यावर नको."

मोरू ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी रजा शिल्लक असताना तो निघून गेला. पुढच्या गणपतीला आला नाही, शिमग्यालाही नाही. तांदूळ जात राहिला. तो शिजवून खातो की कोणाला देऊन टाकतो, हे तिला कळायला मार्ग नव्हता. वाटेवर खाकी कपडा दिसला की ती हातातलं काम टाकून उभी राहायची. जवळ आल्यावर तो टपालवाला निघायचा, नाहीतर दुसराच कोणी.

शेवटी तिनेच उठून म्हसळ्याची एसटी धरली. टोपलीत तांदूळ, वाल आणि वांगी. विचारत विचारत ती तुकडीच्या मुक्कामावर पोचली. मोरू बादलीत पावडर कालवत होता. कोपरापर्यंत हात पांढरे, गाल बसलेले. तिला पाहून तो तसाच उभा राहिला. मग काही सुचेना म्हणून त्याने त्याच हाताने कनवटीची तंबाखू काढली.

बायजाने ती त्याच्या हातातून काढून घेतली. वाद घातला नाही. त्याला विहिरीवर नेलं, पाणी शेंदलं, नारळाच्या शेंडीने आणि राखेने त्याचे हात घासले. बोटं, नखं, मनगटं, कोपर. पाणी नितळ उतरेपर्यंत ती घासत राहिली. एवढ्या दिवसांनी तो हात हातात आला होता. तो सोडवेना.

"डोकं दुखतं कधी कधी," मोरू हळूच म्हणाला. "कामाचंच असंल."

तिने चूल मांडून पेज केली, वांगं परतलं.

"यात अळी न्हाय ना?" त्याने विचारलं.

"व्हती. काढली."

तो हसला. वाटी पुसून जेवला. पण नोकरी सोडतो म्हणाला नाही, आणि तिनेही म्हटलं नाही. एसटी सुटली तेव्हा तो फाट्यावर उभा होता. "आता हात धुऊनच खाईन," एवढं तो ओरडून म्हणाला.

पुढे फवारणी कमी झाली, तुकडीतली माणसं घटली आणि मोरू कायमचा घरी आला. पाळणा मात्र पुन्हा हलला नाही. तोवर गावभर पावडर आली होती. लोकांचं भात बायजाच्या भातापेक्षा जास्त पिकायचं. मोरू ते बघायचा, उसासा टाकायचा आणि तिच्याबरोबर पानं उलटायला बसायचा.

एका वर्षी शेजारच्या भागुबाईची लेक कोकिळा बाळंतपणाला माहेरी आली. तिला अन्नाचा वास सोसेना. एके दिवशी ती परसात येऊन म्हणाली, "काकी, तुझी पेज दे की. आन् त्ये वांगं, बिनपावडरीचं."

बायजाने तिला रोज खाऊ घातलं. कोकिळेला मुलगी झाली. बारसं सासरी व्हायचं ठरलं. सव्वा महिन्याने ती सासरी निघाली, तेव्हा बायजाने तांदळाची पिशवी एसटीत चढवली. बाळाचं टाळू भरलेलं डोकं एकदा हुंगलं.

एसटी गेली. मोरूने विचारलं, "नाव काय ठेवनार पोरीचं?"

"इचारायचंच ऱ्हायलं," बायजा म्हणाली आणि धूळ खाली बसेपर्यंत रस्त्याकडे बघत राहिली.