पहिला नकार

ऑकलंडच्या मराठी मंडळींत पाश्चात्त्य समाजाच्या ऱ्हासावर बोलायला मी कायम तयार असे. चर्चं ओस पडली, क्लब बंद पडले, माणसं कुत्र्याशी तासभर बोलतील पण शेजाऱ्याशी नाही, वगैरे. हातात पोह्यांची बशी असली की माझी वाणी जास्तच खुले.

तरी दर शनिवारी मी बाउलिंग क्लबात जायचो. त्यात क्रिकेटचा काही संबंध नाही. जड चेंडू गवतावरून घरंगळत सोडायचा आणि एका छोट्या पांढऱ्या चेंडूजवळ थांबेल अशी आशा करायची. बायकोला वाटे मी व्यायामाला जातो. सभासद अकरा, मी पन्नाशीचा, आणि माझ्यानंतरचा सगळ्यात तरुण गडी चौऱ्याहत्तरचा. खेळ संपला की सोडत निघे. बक्षीस सॉसेजेसचा ट्रे. मी शाकाहारी, त्यामुळे तो हमखास मलाच लागायचा. तो मी शेजाऱ्याला नेऊन देई. माझी त्याच्याशी ओळख झाली ती अशी, हे मात्र मी मंडळींना कधी सांगितलं नाही.

क्लबाच्या सेक्रेटरी ऐंशी उलटलेल्या बाई होत्या. नवऱ्याबरोबर त्यांनी ते मैदान उभं केलं होतं. नवरा गेल्यावरही रोज सकाळी येऊन दार उघडायच्या. आता डोळे साथ देईनात. वार्षिक सभेत कुणी सेक्रेटरीपद घेतलं नाही तर क्लब बरखास्त करायचा आणि जागा कौन्सिलला परत द्यायची, असं ठरलं होतं.

मला ते पद हवं होतं. खरंच हवं होतं. महिनाभर मी मनातल्या मनात सेक्रेटरीच होतो. आपले डॉक्टर-इंजिनियर सभासद करून घ्यायचे, सोडतीत बटाटेवडे ठेवायचे, इथपर्यंत बेत झाले होते. सभेला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. नंतर पोहायला जायचं म्हणून लेकही बरोबर होती, आतून टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, घालूनच.

बाईंनी चष्म्यावरून थेट माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही घ्याल का हे काम?”

“छे छे, मी कसला! माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत इथं.”

त्या लायक माणसांपैकी एक घोरत होता. पण आमच्याकडे पहिला नकार हा नकार नसतोच. समोरच्यानं म्हणायचं, असं कसं, तुम्हीच हवेत. मग आपण मान हलवायची. तिसऱ्यांदा म्हणायचं, बरं, तुमच्या शब्दाखातर. लाडूसुद्धा आम्ही असाच घेतो.

मी दुसऱ्या वेळेची वाट पाहत बसलो.

“बरं,” बाई म्हणाल्या आणि पुढच्या विषयावर गेल्या. पुढचा विषय बरखास्ती. आपणहून पद मागायचं? ते काही आमच्यात बसत नाही. बरखास्तीसाठी एकेक हात वर गेला. शेवटी, उगाच वेगळं दिसायला नको म्हणून, माझाही. बाईंनी कागद नाकाजवळ नेऊन सही केली.

लेक कानाशी पुटपुटली, “बाबा, तुला करायचं होतं ना?”

“अगं, मी तसं ‘नाही’ म्हणालो नव्हतो.”

“यू सेड नो, बाबा. मी ऐकलं.”

सभेनंतर मी किचनमध्ये गेलो. बाई कप विसळत होत्या. मी पुसायला लागलो.

“मी तुमच्याच भरवशावर होते,” त्या सहज म्हणाल्या. “पण माणूस नाही म्हणाला की त्याला पुन्हा विचारून अवघडवू नये. आईनं आम्हाला तसंच शिकवलं होतं.” मग नळ बंद करून म्हणाल्या, “नाहीतर आज मी गयावया केली असती हो.”

अकरा कप होते. सगळे पुसून होईपर्यंत मला त्यांच्याकडे बघवलं नाही.