पंधरा फूट कोरडे काँक्रीट

वडिलांना लकवा झाला त्याला चार महिने होऊन गेले, तेव्हा माझ्या लक्षात आले की या काळात ते एकदाही रस्त्यावर गेलेले नाहीत. वॉकर धरून घरात ते चांगले चालत. खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्यापुढे मात्र फाटकापर्यंत पंधरा फूट उघडी जमीन होती. मुरूम, मधून मधून फरशांचे तुकडे, एका बाजूला उतार. वॉकरचे पाय मुरमात रुतत. मी आणि आईने दोन्ही बगलांत हात घालून त्यांना दोनदा बाहेर नेले. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "मी काय गॅसची टाकी हाय का उचलून न्यायला?" आणि पलंगावर जाऊन बसले.

त्यांना जायचे होते ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या टपरीवर. सकाळी कंपन्यांच्या बस निघून गेल्या की भोसरीतले म्हातारे गवंडी तिथे जमतात. आप्पा, म्हणजे माझे वडीलही, गवंडी. चाकणला कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या तेव्हा ते बीडकडून आले आणि तीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या जमिनी सपाट केल्या. स्वतःचे घर त्यांनी सुट्टीच्या दिवशी बांधले. अंगण राहून गेले.

मी चाकणच्या एका कंपनीत धातूंच्या चाचण्या करते. त्या महिन्यात बंगळूरूच्या एका संशोधन संस्थेत माझी निवड झाली होती आणि दीड महिन्यात रुजू व्हायचे होते. मी गेल्यावर घरात आई एकटी, आणि आप्पांचे वजन तिच्या दीडपट. त्यामुळे प्रश्न सरळ होता. मी जाण्यापूर्वी आप्पा कोणाच्याही मदतीशिवाय फाटकापर्यंत जाऊ शकले पाहिजेत.

आप्पांनी उत्तरही सरळ दिले होते. "मजुरांच्या अड्ड्यावरून दोन मानसं आन. अर्ध्या दिवसाचं काम हाय."

मी ते ऐकले नाही. मी काँक्रीट कोरडे ओतण्याची पद्धत वाचली होती. सिमेंट, वाळू आणि बारीक खडी कोरडीच मिसळायची, साच्यात पसरून सपाट करायची आणि वरून पाण्याचा बारीक फवारा मारायचा. वरचा थर धरला की दर तासाला भरपूर पाणी द्यायचे. ते मुरत खाली जाते आणि सगळे एकसंध होते. काँक्रीटला एकदा पाणी लागले की ते घट्ट व्हायचे थांबत नाही. कोरडे मिश्रण मात्र माणसाची वाट पाहते. एकटीने, शिफ्ट सांभाळून काम करणाऱ्या मुलीसाठी ही पद्धत योग्य होती. हे कारण खरे आहे. दुसरे कारण असे की जाण्यापूर्वी या घरात माझ्या हाताने केलेली एक टिकाऊ वस्तू मला मागे ठेवायची होती.

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. सकाळी मी मुरूम धुम्मसाने ठोकून घट्ट केला, दोन्ही बाजूंना फळ्या लावल्या, दोरी ताणली. आप्पा उंबऱ्यात खुर्ची टाकून बसले होते.

"लाईनदोरी बरी बांधलीस," ते म्हणाले. "पन पानी कधी?"

"पाणी उद्या. वरून."

"वरून?" त्यांनी आईकडे पाहिले. "ऐकलं का गं? यांच्या कंपनीत काँक्रीटला बी पावडर कोटिंग करतात."

आई हसली. मीही हसले. मग त्यांनी गंभीरपणे विचारले, "वरून शिंपडून आत कितीक जातं? तळाला कोन पाजनार?"

मी त्यांना केशाकर्षण समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मुठीत लाडू वळून बघावा लागतो पोरी. लाडू फुटला तर पानी कमी, बोटांतून गळला तर जास्त. कोरड्याचा लाडू कसा वळनार?"

मी घामेजले होते, दोन गोण्या सिमेंटपैकी एक अजून फोडायची होती आणि दुपार उलटून चालली होती. मी म्हणाले, "आप्पा, हे तुमच्या काळातलं नाही. यात तुम्ही नका बोलू."

 त्यानंतर दिवसभर ते खरोखरच काही बोलले नाहीत.

माझा हिशेब चुकला तो वेळेचा. मिश्रण पसरून सपाट करीपर्यंत अंधार पडला. पाणी दिवसभर दर तासाला द्यायचे होते आणि शुक्रवारी माझी पहिली शिफ्ट होती. शिवाय ग्राहकाचे ऑडिट, म्हणजे रजेचा प्रश्न नव्हता. मी वर ताडपत्री घातली. पहाटे उठून फवारणीच्या पंपाने दोन हलके हात मारले. पृष्ठभाग काळपट झाला, हलला नाही. आईला दाखवले, कागदावर लिहून दिले: दर तासाला एक पंप, सहा वेळा. मग बस पकडली.

शुक्रवार आमच्या भागात पाणी न येण्याचा दिवस होता. मला ते ठाऊक होते. पिंप भरलेले आहे एवढे मी पाहिले होते. त्या पिंपातले शंभर लिटर जमिनीवर ओतायचे, म्हणजे शनिवारपर्यंत घरात पिण्या-स्वयंपाकापुरतेच उरायचे, याचा आईच्या बाजूने विचार मी केला नव्हता.

आई टँकरच्या गावात वाढलेली. तिच्या घरात पाणी एकदाच वापरून फेकले जात नाही. तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला, कपडे खळबळलेले पाणी मोरी धुवायला. आमचे घर बांधले तेव्हा भिंतींवर रोज पाणी मारण्याचे काम तिचेच होते आणि ते तिने आठवडाभर धुण्याच्या पाण्यानेच केले होते. भिंतींना काहीही झाले नाही. होणारही नव्हते, त्या भिंतींत सिमेंट आधीच चांगल्या पाण्यात कालवून घट्ट झालेले होते, बाहेरून फक्त ओल टिकवायची होती. माझ्या अंगणात मात्र तेच दिसणारे काम वेगळे होते. फवाऱ्यातून पडणारे पाणी हेच कालवण्याचे पाणी होते. हा फरक मी तिला सांगितला नव्हता. मला तो इतका उघड वाटत होता की तो सांगावा लागेल असे वाटलेच नाही.

सात दिवस मी वाट पाहिली. आठव्या दिवशी मधोमध हातोडी वाजवली. खणखणीत आवाज आला. कंपनीत एखादा भाग पास करण्यापूर्वी मी तो कापून पाहते. इथे मी आवाजावर पास केले.

आप्पा पहिल्या दिवशी माझ्याबरोबर फाटकापर्यंत गेले. कडी उघडून बाहेर पाहिले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी मी फक्त मागून चालत होते. तिसऱ्या दिवशी ते टपरीवर गेले. टपरीवाल्याने खुर्ची दिली आणि एका जुन्या गवंड्याने विचारले, "काय राव, मेला न्हाई का तुमी अजून?" हे त्यांनी घरी येऊन आईला दोनदा सांगितले. जेवताना तिसऱ्यांदा.

"बरं झालं सांगितलंत," आई म्हणाली, "मला वाटलं गेलातच."

चौथ्या दिवशी मी आंघोळ करत होते. वॉकरचा डावा पाय फाटकाजवळ काठावर पडला. वरची कवची फुटली आणि पाय आत गेला. आप्पा डाव्या कुशीवर, म्हणजे ज्या बाजूचा हात पटकन पुढे करता येत नाही त्या बाजूवर पडले. मी बाहेर आले तेव्हा आई त्यांच्या डोक्याखाली पदराचा बोळा घालत होती आणि ते म्हणत होते, "हलवू नको. खुबा गेलाय. आवाज आला मला."

खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली, तेरा दिवस रुग्णालयात गेले.

ते तिथे असताना मी एका सकाळी पहार घेऊन अंगणात बसले. वरचा बोटभर थर चांगला होता; पहाटे मी मारलेल्या पाण्याचा. त्याखाली बोटांनी चुरा होत होता, आणि तळाशी कोरडी राखाडी भुकटी होती, गोणीतून आल्यासारखी. एक तुकडा मी कंपनीत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. खालच्या थरात टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रे होती, दाटीवाटीने. अशी छिद्रे फेसाने पडतात. साबणाने किती बिघडले आणि कमी पाण्याने किती, हे मला आजही वेगळे करता आलेले नाही.

आप्पा घरी आल्यावर मी आईला स्वयंपाकघरात विचारले, "त्या दिवशी पाणी कुठलं मारलंस?"

ती पोळी लाटत होती. तिने मान वर केली तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून आप्पांचा आवाज आला. "चांगलं पानी व्हतं. पिंपातलं. मी दारातच बसलो व्हतो."

आई त्या आवाजाच्या दिशेने पाहत राहिली. मग तिने पोळी तव्यावर टाकली.

दुपारी ती दळण आणायला गेल्यावर मी त्यांच्या पलंगाशी बसले. "आप्पा, धुण्याचं होतं ना?"

"व्हय. चार तांबे पंपात वतले तर त्यो तुंबला, मग तांब्यानंच मारलं. दोन बादल्या. फेस बघितला मी."

"मग तिला थांबवलं का नाहीत?"

ते छताकडे पाहत होते. "मला वाटलं, नवी पद्धत हाय. चालत असंल. तूच म्हनालीस, यात बोलू नका."

मी त्यांच्या पायावरची चादर सरळ केली.

"तिला सांगू नको," ते म्हणाले. "ती इथंच ऱ्हानार माझ्यापाशी. तू जाशील."

संध्याकाळी मी आईला सांगितले की मिश्रणाचे प्रमाण माझे चुकले. तिने विश्वास ठेवला की नाही, मला कळले नाही. शेजारणीला मात्र ती सांगत होती, "शिकल्याल्याची बी चूक व्हते की. मुद्दाम केलं का तिनं?"

मी रुजू होण्याची तारीख एक महिना पुढे मागून घेतली. अड्ड्यावरून दोघे गवंडी आणले. त्यांनी जुने सगळे उकरून काढले आणि पाण्यात कालवून नवे काँक्रीट टाकले. आप्पांचा पलंग खिडकीशी होता. आतून ते ओरडत होते, "ए भाऊ, पानी जास्त झालं. फावड्याचा आवाज बदललाय." बाहेरचा गवंडी ओरडला, "आप्पा, आडवे ऱ्हाऊन मुकादमी करता व्हय?" आप्पा हसले. पडल्यानंतर त्यांना मी हसताना ऐकले ते तेवढेच. काम अर्ध्या दिवसात संपले.

या खेपेला मी कोपऱ्यातला तुकडा कापून पाहिला. चांगला होता. डॉक्टरांनी आधाराने उभे राहायला परवानगी दिली होती. व्यायाम शिकवणारी बाई आठवड्यातून दोनदा येत होती आणि पायात ताकद आहे असे सांगत होती. निघण्याच्या आदल्या दिवशी मी वॉकर पलंगाशी आणून ठेवला.

"एकदा उंबऱ्यापर्यंत चला, आप्पा. मी कापून बघितलंय. तळापर्यंत घट्ट आहे."

"घट्टच असनार. त्यांनी केलंय."

"मग?"

त्यांनी उजव्या हाताने वॉकरची दांडी चाचपली, पकडली, थोडा वेळ पकडून ठेवली. मग हात मागे घेतला.

"रस्ता चांगला हाय गं," ते म्हणाले. "माझाच धीर सुटलाय. पाय टाकायच्या आधी वाटतं, खाली काय न्हाई."

मी बंगळूरूला येऊन पाच महिने झाले. आई फोनवर सांगते की ते जेवतात, झोपतात, पलंगावर बसवले तर बसतात. टपरीवरचा तो जुना गवंडी दोनदा भेटायला येऊन गेला. तो अंगणातून आला तेव्हा आप्पांनी त्याला विचारले, काठाला पाय लागला का, दबलं का कुठं. तो म्हणाला, न्हाई दबलं. आप्पा म्हणाले, बघ नीट. तो उठून पुन्हा फाटकापर्यंत चालून आला. आप्पा खिडकीतून पाहत होते. उठले नाहीत.