पौषात रडू आलं नाही तेव्हा

ये गो, हे पत्र घेऊन जरा उजेडाला बस. आणि आधी माझी बोलणी खा. तुझी आई सांगत होती, थंडी पडली की तू खोलीचं दार लावून घेतेस, आणि कुणी विचारलं की 'मी मजेत आहे' म्हणतेस. मजेत? ह्या मावशीआजीला फसवतेस होय? त्या मजेत मी बरेच हिवाळे काढले आहेत. शाळेत गेले नाही, मोठेपणी एकटीनं गिरवलेली अक्षरं आहेत, वाकडी आली तर तशीच वाच.

आमचं घर आटगावपासून आत, रानाच्या कडेला. साठ सालाच्या मागची-पुढची गोष्ट. भातकापणी होईस्तोवर मी चांगली असायची. जावेशी भांडायची, हसायची, भाताच्या झोडणीला पुरुषांच्या बरोबरीनं उभी राहायची. खळं आवरलं, दिवस आखडला, की माझं सगळं बसत जायचं. दुःख म्हणशील तर ते पण नाही. दुःखाला निदान चव असते. भाकरी थापायची, ती फुगायची, मी बघायची, झालं. लेक तेव्हा नुकती चालायला लागली होती. मांडीवर येऊन बसली की तिचं वजन कळायचं. बाकी काही कळायचं नाही.

सांगणार काय कुणाला? ताप नाही, खोकला नाही.

मग त्या पौषात सासूची थोरली बहीण गेली. तिनंच माझं लग्न जुळवलेलं, माझ्यावर जीव होता तिचा. आमच्याकडे मयताच्या घरी बायका आल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून, गेलेल्या माणसाचं एकेक काढून मोठ्यानं रडायच्या. नवी आलेली बाई दारात दिसली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी गेले. सासूनं गळ्यात हात टाकला, माझा पदर तिच्या डोळ्यांनी भिजला, आणि माझे डोळे कोरडे ठणठणीत. मी भिंतीवरच्या सुपाकडे बघत होते. सुपाची कड उसवली आहे, एवढंच डोक्यात.

"बघा गो हिला," मागनं कुणीतरी म्हणालं. "दगडाची हाय का काय?"

"दगडाला तरी पावसात पाणी सुटतं."

एक-दोघी तर हसल्या. मला त्याचाही राग आला नाही.

घरी आल्यावर सासूनं भगताला बोलावलं. त्यानं तांदळाचे दाणे टाकले, बघितलं आणि सांगितलं, झोडणीच्या टायमाला ही तिन्हीसांजेची खळ्यावर केस सोडून उभी होती, तिथलं लागलंय. होळी पेटेस्तोवर हिच्यावर ऊन पडू देऊ नका, उंबऱ्याबाहेर पाय नको.

सासू वाईट नव्हती गं. मायेनंच केलं तिनं. आतल्या खोलीच्या खिडकीला गोणपाट लावलं, मिरच्यांची धुरी दिली, मऊ भात स्वतःच्या हातानं भरवला. पण त्या अंधारात माझं होतं नव्हतं तेही गेलं. सकाळ कुठली, दुपार कुठली कळेना. लेक रडायची तर जाऊच उचलायची. पुढं पुढं लेक जावेलाच आई म्हणायला लागली. ते मी ऐकलं. ऐकून कूस बदलली.

एक दिवस नवरा दाराशी उभा राहून आईशी बोलत होता. मला ऐकू जात नाही असंच धरून चालले होते सगळे.

"बाजार झाला की गाडी जुंपतो. मुरबाडला तिच्या बापाकडं पोचवून येतो. पोर इथंच राहील."

"परत कधी आणशील?"

तो बैलांना पेंढा टाकायला निघून गेला. ह्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला. मलाही कळला. लेक माझ्या हातची जाणार. आता तरी छातीत काही होईल म्हणून मी वाट बघत पडून राहिले. काही झालं नाही.

झालं ते जावेला. ती रोज माझ्याशी भांडणारी बाई. तिला स्वतःला मूल नव्हतं, माझं आयतं मिळत होतं. बाजाराच्या दिवशी ती सासूला म्हणाली, "शहापूरला पोरीला देवी टोचून आणते. ही पण येऊ दे, आईच्या मांडीवर पोर गप बसतं."

"भगतानं उंबरा सांगितलाय."

"मग टोचताना पोरीला तुमी धरा, आत्ये. सुई मोठी असते म्हणतात."

सासू सुईला घाबरायची. माझ्या डोक्यावर घोंगडं टाकून तिनं आम्हाला सोडलं.

दवाखान्यात एक उतारवयाची नर्सबाई होती. लेकीला टोचलं, ती किंचाळली, मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. बाईनं ते टिपलं. ओसरीवर ऊन आलेलं होतं, तिथं मला बसवलं, घोंगडं काढलं आणि मांडीवर कापूस ठेवला. "बोळे कर. बोलायचं नसलं तर नको बोलू."

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मागच्या हिवाळ्यात पण असंच होतं का गं?"

"व्हय."

"आणि होळीनंतर?"

असं मी कधी जोडूनच पाहिलं नव्हतं. "मग बरी असते," मी म्हटलं. "पार पुढच्या झोडणीपर्यंत." आणि मग म्हटलं, "बाई, लेक नेतात माझी, आणि मला काय वाटत नाय." हे मी पहिल्यांदा कुणाला तरी बोलले.

ती दचकली नाही. वेडी म्हणाली नाही. "वाटत नाही, ते दुखणं आहे," म्हणाली. "तू नाहीस ते."

जावेकडून भगताचं सगळं ऐकून तिनं बाजारात आलेल्या नवऱ्याला बोलावून घेतलं. भगताला नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणाली, "होळी तर त्यानंही सांगितलीय ना? तेवढं थांबा. पण हिला उन्हात बसवा, पोर मांडीवर द्या, आणि दर बाजाराला माझ्याकडं पाठवा." नवरा डोकं खाजवत म्हणाला, "तेवढं थांबाया काय." गाडी जुंपली नाही.

दर बाजाराला मी जायची. कधी बोलायची, कधी नुसते बोळे. बरी झाले म्हणून काही ढोल वाजले नाहीत. शेतात वालाच्या शेंगा तोडत होते, लेकीनं पाठीमागून केस ओढले, आणि मला दुखलं. चांगलंच दुखलं. मी तिच्यावर ओरडले. जाऊ बांधावरून म्हणाली, "आली गो बाय जाग्यावर!" आणि लेकीला माझ्याकडे ढकलून ती तोंड फिरवून शेंगा तोडत राहिली.

पुढच्या साली ते पुन्हा आलं. दर साली येतं, आताही. पण आता आलं की ओळखते, आणि उन्हात जाऊन बसते, कुणाशी तरी बोलते. तुमच्या शहरात ह्यासाठी शिकलेली माणसं असतात म्हणे. जा त्यांच्याकडे, लाजू नकोस. आणि तोवर, अंगणात ऊन आहे, वाल सोलायला आहेत, मला एकटीला उरकत नाहीत. बोलायचं नसलं तर नको बोलू. पण ह्याच आठवड्यात ये.