निशाणी डावा अंगठा

तो कागद आठवला की आधी माझी चूक आठवते. अभिमान नंतर वाटतो, पण वाटतो.

साठच्या दशकात मी पालघर ठाण्यात फौजदार होतो. तारापूरकडे मोठी बांधकामे निघाली होती आणि बोईसरजवळच्या खाणींत दिवसभर खडी फुटत होती. एका खाणीवरच्या वारली मजुराच्या हाताला गंभीर दुखापत झाल्याची खबर दवाखान्यातून आली. चौकशीला गेलो, तर ठेकेदाराने चहाबरोबर तिजोरीतून एक कागद काढून पुढे केला. ‘मी कामावर नव्हतो. घरी लाकूड फोडताना इजा झाली. मालकाविरुद्ध तक्रार नाही.’ खाली ‘निशाणी डावा अंगठा’ आणि शाईचा सुबक ठसा. तारीख अपघातानंतर चार दिवसांची.

मजूर तोवर पाड्यावर परतला होता. तेवढी डोंगरवाट चालायचा मी कंटाळा केला आणि प्रकरण निकाली काढले. कामावर इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, हा कायदा तेव्हाही होता. त्या कागदाने त्या माणसाची वाट बंद केली, हे मला कळायला हवे होते.

आठवड्याने घिवलीची एक मासळीवाली ठाण्यात आली. सुकटीच्या वासाने ठाणे अंमलदार नाक मुरडत होता, पण बाई हलेना.

“सायब, त्याचा हात घरी नाय तुटला. खडीच्या मशीनीत गेला. मी तितंच सुकट इकत होते. माज्या डोल्यांनी बगितलाय.”

“तू साक्ष देशील?”

“देन. मना कुनाचा भ्या हाय?”

मी त्याच दिवशी पाडा गाठला. मजूर अंगणात बसला होता. मी त्याला कागद वाचून दाखवला आणि विचारले, हा अंगठा तू दिलास का? त्याने डावा हात पुढे केला. मनगटाच्या पुढे काहीच नव्हते.

“अंगठा देयाला हाय कुटं, सायब?”

मला माझी लाज वाटली.

ठेकेदाराचे कागद लिहिणाऱ्या मुनीमाला ठाण्यात बोलावले. आवाज चढवला नाही. त्याच्यापुढे कोरा कागद आणि शाईची गादी ठेवून म्हटले, “डावा अंगठा द्या.” त्याने हात टेबलाखाली घेतला.

“साहेब, बाईचा उजवा, पुरुषाचा डावा. वीस वर्षांची सवय. लिहून गेलो आणि माझाच उठवला.”

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून त्याचा अंगठा घेऊन दोन्ही ठसे पुण्याला तज्ज्ञांकडे पाठवले. कागदावरचा ठसा मुनीमाचाच निघाला. ठेकेदार तरीही ताठ्यात होता. म्हणाला, “तो माणूस माझा नाहीच. मुकादमाच्या टोळीतला.”

“मग परक्या माणसाची तक्रार नसल्याचा कागद तुम्ही तिजोरीत कशाला जपलात?”

बनावट दस्ताचा गुन्हा दाखल झाला, मासळीवालीने साक्ष दिली आणि भरपाई ठेकेदारालाच भरावी लागली.

मजुराने भरपाई घ्यायच्या दिवशी मी मुद्दाम सरकारी कचेरीत हजर राहिलो. तिथल्या कारकुनाने मान वर न करता पावती पुढे सरकवली. “डावा अंगठा.”

मजुराने बाही मागे सारली. कारकून ओशाळला. त्याने ‘डावा’ खोडून वर ‘उजवा’ लिहिले. नोकरीत मला बक्षिसेही मिळाली, पण छाती फुगली ती त्या खोडलेल्या शब्दापाशी.

पुढे निवृत्त होईपर्यंत कुणाचाही अंगठा घेताना मी आधी त्याचे दोन्ही हात पाहत असे.