नणंदेच्या वाटणीची लायब्ररी

त्या संगणक केंद्रात शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत. नवरा आधी तिथेच नोकरीला होता, म्हणून ते नाव चिकटलं. फक्त वरच्या मजल्यावर संशोधन करणारी तिची सख्खी नणंद तिला काहीच म्हणत नसे. एकदा घरी जेवताना वहिनी चारचौघांत हसत बोलून गेली होती, "तुझा प्रोग्राम म्हणजे नुसती ठिगळं गं!" झालं! बाईसाहेबांनी अबोला धरला तो धरलाच.

वहिनीचं काम दुभाष्याचं. समीकरणं सोडवणारी गणिताची लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, एकच. पण प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारे कंपायलर अनेक, आणि आकडे देण्याघेण्याची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. म्हणून प्रत्येकासाठी मधली जोड-लायब्ररी वेगळी बांधायची. एकाची दुसऱ्याला लावली तर कधी प्रोग्राम आडवा होतो. तो बरा म्हणायचा! कधी मुकाट चालतो आणि खोटे आकडे देतो.

नणंदेचं नेमकं तेच झालं. पुलाच्या कंपनांचे तिचे आकडे गाईडनी आपल्या यंत्रावर स्वतंत्रपणे काढलेल्या आकड्यांशी जुळेनात. गाईडनी तोंडावर विचारलं, "आकडे मनानेच लिहिलेत का? उद्यापर्यंत खुलासा द्या, नाहीतर प्रबंध मागे घ्या." पोरीचं धाबं दणाणलं. शेवटी नाक मुठीत धरून ती खाली आली.

"वहिनी, मी लबाडी नाही हो केली."

"अगं, आधी बस तरी." वहिनीने प्रोग्राम उघडला आणि कपाळाला हात लावला. "ही जोड-लायब्ररी कुठून आणलीस?"

"तुमच्या फोल्डरमधून उचलली."

"ही माझ्या कंपायलरची. तुझा वेगळा आहे, बाई! विचारायचं तरी."

"कोणत्या तोंडाने विचारणार होते?"

वहिनीने दुसरी लायब्ररी जोडली. प्रोग्राम चालेपर्यंत दोघी श्वास रोखून बसल्या. आकडे आले, आणि गाईडच्या आकड्यांशी जुळले.

"हुश्श! सुटले गं बाई," नणंद खुर्चीतच सैलावली. मग एकदम म्हणाली, "पण इतक्यात बांधलीत कशी?"

"आत्ता कुठे? तू इथे आलीस त्याच आठवड्यात तुझा कंपायलर कोणता ते काढून घेतलं होतं. कंपायलर बदलला की नव्याने बांधते. म्हटलं, आज ना उद्या मागायला येशील."

नणंदेने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती मोकळेपणी रडली.

"पुरे आता," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "चल, तुझ्या गाईडना मीच सांगते. आणि ते ठिगळांचं बोलले होते ना, ते चुकलंच माझं."