थोरली, मधली, धाकटी आणि नवी

गिनीपिग म्हणजे उंदीर नव्हे, हे मी आता लोकांना ठणकावून सांगते. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना उंदीर म्हणत होते, ती गोष्ट वेगळी. ओंजळीत मावेल न मावेल एवढं जनावर, शेपूट नाही, दिवसभर गवत चघळतं आणि फ्रीजचं दार वाजलं की कोथिंबीर येणार म्हणून शिट्ट्या घालतं. जे. पी. नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तशा तीन होत्या, तिघी माद्या, माझ्या अकरा वर्षांच्या नातीच्या. तिने ठेवलेली इंग्रजी नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणायचे. थोरली काळीभोर आणि अंगाने दांडगी. बाकी दोघींवर तिचाच हुकूम चाले. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

नात मात्र माझ्यावर गेलेली नाही. इंजेक्शनच्या नुसत्या नावाने तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. शाळेत कुणी चढ्या आवाजात बोललं तरी घरी येऊन मुसमुसत बसायची. मी तिला तोंडावर रडूबाई म्हणायचे. तीस वर्षं मी मल्लेश्वरमला आमच्या साड्यांच्या दुकानात बसले आहे. लग्नाच्या खरेदीला दोन्हीकडची माणसं फुरंगटून यायची, एकीकडची बाई दुसरीकडच्या बाईकडे बघायलाही तयार नसायची. मी सगळ्यांना एकाच गादीवर बसवून, समोर एकच थाळा भरून चिरोटी आणि कॉफी ठेवून, तासाभरात हसवत घरी पाठवायचे. माझ्या हातून दोन पार्ट्या जुळल्या नाहीत असं झालेलं नाही, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगत असे.

मागच्या वर्षी चौथी आली. एचएसआर लेआउटला एक बाई राहतात, लोकांना नकोसे झालेले ससे आणि गिनीपिग त्या सांभाळतात आणि त्यांना घरं शोधून देतात. एका जोडप्याने दोन वर्षं एकटीच ठेवलेली एक मादी परदेशी जाताना त्यांच्याकडे सोडली होती. हे जनावर एकटं राहिलं की झुरतं म्हणे. बाईंनी तिला नातीकडे दिली, पण एक महिन्याच्या बोलीवर. तिघींनी तिला आपल्यात घेतलं तर ती आमची, नाही घेतलं तर परत. "माझ्याकडे दुसऱ्या कळपात जागा नाही," त्या म्हणाल्या, "परत आली तर तिला पुन्हा एकटीलाच पिंजऱ्यात राहावं लागेल." नातीने मान डोलावली. माझ्या मुलानेही तेव्हाच बजावून टाकलं की हे जमलं नाही, तर पुन्हा नवं जनावर घरात आणायचं नाव काढायचं नाही.

नवी बदामी रंगाची होती, भेदरलेली. नातीने तिला अभ्यासाच्या खोलीत वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं. आधी दोन आठवडे लांब, काही आजार असला तर तिघींना लागू नये म्हणून. मग कुणाच्याच मालकीची नाही अशा जागी भेट. रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर नवीचं वजन करायची आणि हात धुऊन मगच तिघींपाशी जायची. मला हे सगळे थेर वाटले. नव्या सुनेला कुणी पंधरा दिवस उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवतं का?

अकराव्या दिवशी दुपारी घरात मी एकटी होते. मुलगा-सून ऑफिसात, नात शाळेत. अभ्यासाच्या खोलीतून नवी शिट्टी घालायची आणि हॉलमधून धाकटी उत्तर द्यायची. पुन्हा शिट्टी, पुन्हा उत्तर. अर्धा तास मी ऐकलं. मग म्हटलं, पुरे झाला हा वनवास, आता माझ्या पद्धतीने करू. मी नवीची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, तिला कडेवर घेतलं आणि थेट तिघींच्या घरात नेऊन सोडलं. मधोमध एक वाडगा कोथिंबिरीने शिगोशीग भरून ठेवला. एका भांड्यात तोंड घातलं की झाल्याच या सख्ख्या जावा, अशी माझी खात्री.

थोरलीने वाडग्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आपल्या घरात, आपल्या वाडग्यापाशी ही कोण? ती दात कटकटवत आली आणि दोघींचा एक गोळा झाला. मी ओरडले, टाळ्या वाजवल्या, मग सुपाने दोघींना कसंबसं वेगळं केलं. नवीच्या कानाची कड फाटली होती आणि माझ्या साडीवर रक्ताचे थेंब पडले होते. तिला छातीशी धरून मी नात येईपर्यंत तशीच जमिनीवर बसून राहिले.

नातीने दारातूनच सगळं ओळखलं. मला वाटलं, आता ही भोकाड पसरणार. तिचा ओठ हलला खरा, पण दप्तर टाकून ती गेली आणि मिठाचं पाणी नि कापूस घेऊन आली. कान पुसला, वजन केलं, सशा-पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन लावायला मला सांगितलं. रिक्षात ती नवीला मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, "रागाव गं मला." ती म्हणाली, "नंतर, अज्जी. आत्ता हिला गार लागतंय, तुझा पदर दे."

जखम भरेपर्यंत दोघींना समोर आणू नका, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी नातीने एचएसआरच्या बाईंना फोन केला. मी शेजारीच सोफ्यावर होते, मुलगा आणि सूनही होती. नात म्हणाली, "आंटी, माझ्याकडून पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं. दोघींची मारामारी झाली."

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. खरंच सांगते, फुटला नाही. पलीकडून बाई तिला चांगल्याच बोलल्या. एवढी जबाबदारी पेलण्याचं तुझं वय नाही, मी द्यायलाच नको होती, म्हणाल्या. महिना संपेल त्या रविवारी संध्याकाळी मी स्वतः येऊन बघेन, पुन्हा एक ओरखडा जरी दिसला तरी घेऊन जाईन, असंही त्यांनी बजावलं. मुलगाही तिला दाराच्या कडीवरून रागावला. पोरीने सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं.

मी तिला बाल्कनीत गाठलं. "खोटं का बोललीस?"

"आंटी मला रागावल्या आणि थांबल्या," ती म्हणाली. "तुला बोलल्या असत्या तर तू उलट बोलली असतीस. मग त्या आजच हिला घेऊन गेल्या असत्या."

माझी नात मला ओळखून आहे. मला आधी हसू आलं आणि मग लाज वाटली, आणि ती लाज पुढचे सगळे दिवस माझ्याबरोबर राहिली.

कान बरा झाला तेव्हा हातात फक्त शेवटचा शनिवार आणि रविवार उरले होते. शुक्रवारी नात माझ्यापाशी येऊन घुटमळली. "अज्जी, आपल्या सगळ्या घराला त्या तिघींचा वास आहे. फक्त तुझ्या खोलीला नाही." बरोबरच होतं. माझ्या खोलीत गिनीपिगना मीच बंदी घातली होती, तिथे देव्हारा आहे. मी म्हटलं, "सरी, चालेल. घे." देव वर फडताळात ठेवले, गालिचा गुंडाळला आणि धुतलेल्या चादरी अंथरल्या. नातीने गवताचे पाच ढीग घातले, लांब लांब. चौघींना पाच का, तर कुणाला कुणाच्या तोंडचं घ्यावं लागू नये म्हणून. पुठ्ठ्याच्या खोक्यांना तिने दोन-दोन दारं कापली, म्हणजे एकीने एक अडवलं तर दुसरीला पळता येईल. माझ्या त्या एका वाडग्याबद्दल ती काही बोलली नाही, पण मी पाचही ढीग बघून घेतले.

शनिवारी सकाळी चौघींना सोडलं. नात भिंतीला टेकून बसली, मांडीवर जाड टॉवेल. तिने मला आधीच सांगून ठेवलं होतं. गुरगुरल्या, दात वाजवले, पाठलाग केला, केस उपटले, तरी मध्ये पडायचं नाही. त्यांना त्यांचं ठरवू द्यायचं. रक्त आलं किंवा गोळा झाला, तरच टॉवेल.

पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी गवत खाल्लं. मग थोरली निघाली. घुमत, पार्श्वभाग डुलवत, ठसक्यात ती नवीभोवती फिरली. नवी पळाली, ती मागे. खोक्याच्या एका दारातून आत, दुसऱ्यातून बाहेर. बदामी केसांचा एक पुंजका चादरीवर पडला. दोघी नाकाला नाक लावून माना उंच करायला लागल्या, तू उंच की मी उंच, आणि थोरलीचे दात वाजायला लागले. तोच आवाज. माझा हात आपोआप पुढे गेला. नातीने माझं मनगट धरलं, घट्ट, आणि चौघींवरची नजर न काढता हळूच म्हणाली, "अज्जी, थांब स्वल्प."

तिची बोटं बर्फासारखी गार पडली होती. भीती तिलाही वाटत होती, माझ्यापेक्षा जास्तच, कारण नवी परत गेली असती तर आयुष्यभर रुखरुख तिला लागणार होती. पण ती हलली नाही. मी कितीतरी मोठी माणसं बघितली आहेत, हात आवरून गप्प बसणं त्यांना जमत नाही. मला तर नाहीच जमत. त्या क्षणी माझ्या मनात आलं, अय्यो, हिला मी इतकी वर्षं काय समजत होते.

नवीने मान खाली घातली. बारीक कुईकुई केली आणि तशीच बसून राहिली. थोरलीने तिच्या बऱ्या झालेल्या कानाचा वास घेतला, डोक्यावरून हनुवटी फिरवली, आणि जवळच्या ढिगात तोंड खुपसून गवत खायला लागली. थोड्या वेळाने नवीही त्याच ढिगात खायला लागली. नातीने माझं मनगट सोडलं तेव्हा तिच्या बोटांचे वळ उठले होते.

दिवसभर आणखी पाठलाग झाले, पण प्रत्येक वेळी छोटे. एकदा एकत्र आणल्यावर वेगळं करायचं नाही, म्हणून नात माझ्याच खोलीत झोपली आणि मी हॉलमध्ये. रविवारी दुपारपर्यंत चौघी एका चादरीवर पसरल्या होत्या. थोरलीने पाय मागे ताणून दिले होते आणि तिच्या कुशीला लागून नवी झोपली होती.

संध्याकाळी बाई आल्या, हातात जाळीची पेटी घेऊनच. त्या थेट माझ्या खोलीत शिरल्या. नवीला उचलून अंग तपासलं, कान बघितला, पुन्हा खाली ठेवलं. ती तडक थोरलीशेजारी जाऊन बसली. "राहू दे," बाई म्हणाल्या. नातीने फक्त "थँक यू, आंटी" म्हटलं.

आम्ही दोघी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. रिकामी पेटी घेऊन त्या आत शिरल्या. आत वरच्या मजल्यावरची दोन माणसं होती. बाईंनी नातीच्या गालाला हात लावला. "छान केलंस हं. आता फक्त दार नीट लावायला शीक."

नातीने मान डोलावली.

मी लिफ्टचं दार धरलं. "दार तिने उघडं टाकलं नव्हतं," मी म्हटलं. "मी उघडलं होतं. माझ्या शहाणपणामुळे त्या जनावराचा कान फाटला, आणि हिने दोष स्वतःवर घेऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं." नात माझा पदर ओढत होती. लिफ्टचं दार बंद व्हायला बघत होतं, मी त्याला पाठीने अडवून ठेवलं. "नीट ऐकून घ्या. हिच्याइतकं धीराचं माणूस आमच्या घराण्यात दुसरं नाही, आणि त्यात मीही आले."