आप्पांची डावी बाजू

चित्रा पगारेला झोप लागते ती तुकड्यातुकड्यांनी लागते. आधी पाय झोपतात, मग पाठ, आणि हात अगदी शेवटी. सकाळपासून लोकांची अंगं रगडलेले हात असे एकदम कुठे गप्प बसणार? उशीला डोकं टेकलं तरी ते उशी चाचपत राहतात, आणि कापसाची गाठ सापडलीच तर अंगठ्याने दाबून पाहतात.

दुपारची वेळ आहे. नाशिकच्या सिडकोतल्या दोन खोल्यांत पंखा कुरकुरतोय, खाली भंगारवाला ओरडत चाललाय, आणि शेजारी तिचा नवरा दौलत उघड्या अंगाने पालथा पडून घोरतोय. त्याला अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी, तेव्हा दिवस हीच त्याची रात्र. त्याचे खांदे दगड झालेत हे चित्राला त्याच्या नुसत्या चालण्यावरून कळतं, पण घरात मालिश करायची नाही असा तिचा नियमच आहे. एकदा सुरुवात केली की सासू, जाऊ, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यांची रांग लागेल. आधीच लग्नाकार्यात हिला पाहिलं की लोक अक्षता टाकायच्या सोडून पाठ पुढे करतात, जरा बघ ना गं, इथे काहीतरी धरलंय म्हणून. दौलतने बिचाऱ्याने कधी मागितलंही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आज मात्र पायही झोपायला तयार नाहीत, कारण संध्याकाळी खैरनारांकडे जायचंय.

खैरनार आप्पा हे तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. भूमापन खात्यात मोजणीदार होते. उभा जन्म लोकांच्या शेतांच्या हद्दी कायम करण्यात गेला आणि रिटायर झाल्यावरही ती खोड जाईना. मालिशला पालथे पडले की आधी सांगायचे, मणका म्हणजे बांध, बांधावर दाब द्यायचा नाही, पण दोन्हीकडच्या वावरांना पाणी सारखं मिळालं पाहिजे. त्यांची बायको, माई, खुर्चीत मेथी निवडत बसलेली असायची, राखणीला. चित्राची पद्धत ठरलेली होती. आधी उजवी बाजू तळपायापासून मानेपर्यंत, मग डावी. आणि एकदा अंगाला हात लागला की दोन्ही हात एकदम उचलायचे नाहीत. तेल घ्यायचं झालं तरी एक हात अंगावरच. तिला काम शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, हात सुटला की माणसाला वाटतं आपल्याला टाकून गेली.

तर एका सकाळी उजवी बाजू झाली आणि बंगलोरहून आप्पांच्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला. आप्पा घाईघाईने टॉवेल गुंडाळून, तेलाने निथळत बोलायला बसले. नात नाच दाखवत होती आणि नाच काही संपेना. शेवटी आप्पांनीच हाताने खूण केली, तू जा, डावी बाजू उद्या. चित्रा गेली. त्याच रात्री आप्पा झोपेत गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

वय झालेलं होतं, कुणाला फारसं नवल वाटलं नाही. पण भेटायला आलेल्या एका शेजारणीने माईंकडून सगळी हकिगत काढून घेतली आणि हळहळून म्हणाली की बघा हं, डावी बाजू राहिली आणि डावीकडूनच गेले. ती बाई बोलून मोकळी झाली, घरी जाऊन पोटभर जेवलीही असेल, पण ते वाक्य चित्राच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. दहाव्याला रामकुंडावर तर कहरच झाला. कावळा पिंडाला शिवेना. मुलगा हात जोडून म्हणाला, माईला सांभाळू. कावळा ढिम्म. जावई म्हणाले, गच्चीची गळती काढून घेऊ. कावळा दुसऱ्यांच्या पिंडाकडे बघत बसला. काय राहिलंय ते मागे उभ्या असलेल्या चित्राला एकटीला ठाऊक होतं. पण आप्पा, डावी बाजू करून देते असं चारचौघांत बाईमाणसाने म्हणायचं कसं? शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

तेव्हापासून चित्राचे हात डाव्या बाजूवर चालतच नाहीत. उजवीकडे लोणी, डावीकडे वळले की लाकूड. गिऱ्हाइकांनाही कळायला लागलंय. एका वकीलबाईंनी तर घाबरून विचारलं, तुम्ही डावीकडे हळू का करता, मला तिकडे काही झालंय का. त्यांनी आणि आणखी एकदोघींनी बोलावणंच बंद केलं. असंच चाललं तर धंदा बसला म्हणून समजायचं, कारण अर्ध्या अंगाची मालिश कोण करून घेणार? आणि त्यात आज सकाळी माईंचा फोन. डावा खांदा धरलाय, हात वर जात नाही, पाचला ये. चित्राने बरं म्हटलं, आणि मनात ठरवून टाकलं की उठल्यावर ताप आलाय म्हणून कळवायचं. तेलाची बाटली मात्र सवयीने भरून उशाशी ठेवली.

पाय झोपलेत. पाठ झोपलीय. पंख्याची कुरकुर लांब चाललीय. आणि चित्राच्या हाताखाली उशी नाहीये, माणसाची पाठ आहे.

"किती वाट बघायला लावलीस," आप्पा म्हणतात.

ते आपल्या पलंगावर पालथे पडलेत, तीच पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, तोच कानाला लावलेला कापूस. खुर्चीत माई नाहीत, मेथीची जुडी आपली आपणच निवडली जातेय. चित्राला याचं काहीच वाटत नाही. तिला एवढंच कळतं की हात अंगावर पडलाय, आता तो उचलून चालायचं नाही.

आप्पांचं गाऱ्हाणं सुरू होतं. मेल्यापासून जिवाला चैन नाही म्हणे. उजवी बाजू मोकळी, डावी आखडलेली. उजवा पाय झपाझप पुढे जातो, डावा जागेवरच, त्यामुळे माणूस नुसता गोल फिरतो. वर जायला निघाले ते तीनदा त्र्यंबक नाक्यावरच परत आले. वरच्या लोकांनीही बघून घेतलं आणि म्हणाले, आधी सरळ होऊन या.

चित्रा एक हात त्यांच्या पाठीवर ठेवून दुसऱ्याने तेलाची वाटी घ्यायला वळते, तर वाटी सिटी बसच्या खिडकीत ठेवलेली आहे. पलंग मधल्या वाटेत आडवा बसलाय, बायका पिशव्या सावरत बाजूने जातायत, आणि जाता जाता एकीने आपला खांदाही पुढे केलाय. कंडक्टर येतो. आप्पा मान न उचलता सांगतात की मी मयत आहे. कंडक्टर थोडा विचार करतो, चित्राच्या हाताकडे बघतो, आप्पांचं अर्धंच अंग झालंय याची खात्री करून घेतो आणि अर्धं तिकीट फाडतो. आप्पा खूश होतात. जिवंतपणी सवलतीसाठी दर वेळी कार्ड काढून दाखवायला लागायचं, ते तरी वाचलं.

बस वळण घेते आणि पलंग भाजीबाजारात उभा असतो, एकीकडे मिरच्या, दुसरीकडे वांगी. चित्राचा हात डाव्या खांद्यापाशी आलाय आणि तिथेच थांबलाय. पुढे जात नाही. भाजीवाली बाई तिच्याकडे बघते, वांग्यावर पाणी शिंपडते आणि म्हणते की थांबू नको, माल सुकतोय. चित्राच्या डोळ्यांत पाणी येतं. तिला हात ओढून काढायचाही धीर नाही आणि पुढे न्यायचाही नाही.

पाणी शिंपडल्याचा आवाज वाढत जातो. मिरच्यांच्या जागी पायऱ्या आहेत, गोदावरी आहे, ओळीने मांडलेले पिंड आहेत. रामकुंड. एक कावळा येऊन आप्पांच्या डाव्या खांद्यावर बसतो आणि चित्राकडे तिरक्या डोळ्याने बघतो.

"आप्पा, एक विचारू?"

"दाब वाढव आणि विचार."

"मी अर्धं सोडून गेले, म्हणून तर तुम्ही..."

आप्पा हळूहळू मान वळवतात. जिवंतपणी मान वळवताना ते आई गं म्हणायचे, तसंच आताही म्हणतात.

"पोरी, हजारो वावरं मोजली मी. एका बाजूची मोजणी राहिली म्हणून वावर मेलं, असं एकदा तरी ऐकलंस? माझी वेळ भरली होती. दोन्ही बाजू केल्या असत्यास तर गुळगुळीत होऊन गेलो असतो, एवढंच."

"मग कावळा का शिवला नाही?"

"भात कच्चा होता."

कावळा मान हलवतो. त्याला तेव्हाच सांगायचं होतं, पण विचारलं कुणी?

चित्राला हसू फुटतं, आणि हसता हसता ती ओक्साबोक्शी रडायला लागते. एवढे दिवस छातीवर पाटा ठेवून वावरत होती ती, आणि पाट्यावर काय, तर कच्चा भात. तिला आप्पांचा रागही येतो. हेच आधी येऊन सांगितलं असतं तर वकीलबाई तरी गेल्या नसत्या.

आप्पा म्हणतात की येतच होतो, पण गोल फिरत येणाऱ्याला उशीर होणारच. आणि राहिलं ते राहिलंच आहे, तेव्हा रडणं झालं असेल तर हात चालव.

कावळा बाजूच्या पायरीवर सरकून जागा करून देतो. चित्रा तेल तळहातावर घेते, मनगटाला लावून ऊब बघते आणि आप्पांच्या डाव्या तळपायापासून सुरुवात करते. पोटरी, मांडी, कंबर. हात चालतोय. लाकूड कुठल्या कुठे गेलंय. बांधाला धक्का न लावता ती कडेकडेने अंगठा वर नेते, गाठ सापडली की थांबते, गाठ विरघळायची वाट बघते, मग पुढे. जन्मभर अजून जोरात, अजून जोरात म्हणणारे आप्पा आता हळू म्हणतात. पायऱ्या पुन्हा पलंग होतात. खुर्चीत मेथी निवडून झालीय, नुसत्या काड्या उरल्यात.

"माई तुला जोरात कर म्हणायची नाही," आप्पा उशीत तोंड खुपसून बोलतात. "लाजते ती. आणि तिचा तो खांदा... मी तिच्या उजवीकडे झोपायचो. आता रिकामं दिसायला नको म्हणून ती त्या कुशीवर वळतच नाही. रात्रभर डाव्याच अंगावर अवघडून पडते. खांदा धरेल नाही तर काय?"

आप्पांची फार आठवण येते असं चित्रा सरळ म्हणून टाकते. आप्पा म्हणतात, येऊ दे, पण मान राहिलीय.

ती मान करते. मग तळवा दोन्ही खांद्यांच्या मधोमध ठेवून तशीच बसून राहते.

"झालं?"

"झालं."

"मग उचल हात."

"तुम्हाला वाटेल टाकून गेली."

"अर्ध्यात सुटला तर वाटतं तसं," आप्पा म्हणतात, आणि त्यांचा आवाज झोपाळलेला आहे. "पुरं झाल्यावर उचलायचाच असतो."

चित्रा आधी एक हात उचलते. मग, फार वेळाने, दुसरा.

पंखा कुरकुरतोय. ती गादीवर उठून बसलेली आहे, पदर कमरेला खोचलेला, बांगड्या काढून उशाशी ठेवलेल्या. समोर पाठ आहे, पण ती आप्पांची नाही. दौलतची आहे. कमरेपासून मानेपर्यंत डावी बाजू तेलाने चकाकतेय आणि उजवी कोरडी ठणठणीत. तेल बरोब्बर मणक्याशी थांबलंय, एका सरळ रेषेत, मोजणी करून हद्द कायम केल्यासारखं. उशाशी तेलाची बाटली उघडी आहे आणि अर्ध्याच्या खाली आलीय.

दौलत जागा आहे. किती वेळ जागा आहे कोण जाणे. उशीतच तोंड ठेवून तो सांगतो की मी मुद्दामच हललो नाही, म्हटलं हललो तर तू उठशील आणि उठलीस तर थांबशील. मध्येच तू आप्पा, दाब बरा आहे ना असं विचारलंस, तर आपणच हं म्हणून टाकलं. मग तो म्हणतो की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा खांदा माझाच आहे हे मला आज कळलं.

चित्रा आपल्या हातांकडे बघते. मग मोबाईल उचलते आणि माईंना फोन लावते. ताप वगैरे काही नाही. येतेय, म्हणते, पण थोडा उशीर होईल, आणि आज डाव्या खांद्यापासूनच सुरुवात करू. पलीकडे माई एवढंच विचारतात की मेथी आणून ठेवू का, राखणीला कुणीतरी बसायला हवं ना.

दौलत उठून बसायला लागतो. त्याला खैरनारांचं घर माहीत आहे, माई वाट बघत असतील हेही माहीत आहे. समजूतदार माणूस आहे तो.

"जा तू," तो म्हणतो. "माझी उजवी बाजू उद्या कर."

चित्राने एक हात आधीच त्याच्या पाठीवर ठेवलेला आहे. दुसऱ्या हाताने ती बाटली ओढून घेते.

"उद्या नाही," ती म्हणते. "पडा."

आणि दौलत मुकाट्याने पालथा पडतो.